हिमोफिलियाचं मूल आणि कुलदैवताची वाट: फॅक्टर नेण्यासाठी व्हॅक्सिन कॅरिअर कितपत उपयोगी?

लसीकरणाला येणाऱ्या सिस्टरच्या खांद्याला अडकवलेला निळा डबा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. लोक त्याला पोलिओचा डबा म्हणतात, सर्जिकल सामानाच्या दुकानात तो व्हॅक्सिन कॅरिअर या नावाने मिळतो. हिमोफिलिया म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार; त्यात कमी असलेला रक्त गोठवणारा घटक, म्हणजे फॅक्टर, इंजेक्शनने शिरेतून द्यावा लागतो. अशा मुलाला घेऊन जेजुरी, पंढरपूर, अष्टविनायक असा प्रवास करायचा असेल तर फॅक्टर नेण्यासाठी इतका भरवशाचा डबा दुसरा नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. फक्त तो वापरायची रीत नीट कळली पाहिजे. नाहीतर हाच डबा हजारो रुपयांचं औषध एका रात्रीत गोठवून निकामी करू शकतो.

आधी डबा लागतोच का, ते पाहू. हिमोफिलिया ए मध्ये लागणाऱ्या फॅक्टर आठची पावडर २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते. बऱ्याच कंपन्या ती ठरावीक काळ २५ किंवा ३० अंशांपर्यंत बाहेर ठेवायला परवानगी देतात, पण मर्यादा प्रत्येक ब्रँडची वेगळी. खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद वाचा आणि 'स्टोरेज' या शब्दाखालच्या ओळींचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. अनेक ब्रँडमध्ये एकदा फ्रिजबाहेर ठेवलेली व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, परत फ्रिजमध्ये टाकायची नसते. बाहेर काढल्याची तारीख खोक्यावर लिहायची आणि मुदतीत वापरून टाकायची. तुमचा ब्रँड ३० अंश सोसणारा असेल आणि डिसेंबरात पुण्याहून थेऊर किंवा रांजणगावला जाऊन संध्याकाळी घरी यायचं असेल, तर कॅरिअर नेऊ नका. साधी इन्सुलेटेड पिशवी पुरते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरकडे, चैत्री वारीला किंवा दोन-तीन मुक्कामांच्या अष्टविनायकाला जाणार असाल तर मात्र कॅरिअरला पर्याय नाही. त्या दिवसांत ३० अंश फक्त पहाटे असतात, आणि उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत तापमान पन्नासच्या पुढे जातं.

एमिसिझुमॅब या इंजेक्शनवर असलेल्या मुलांचं गणित थोडं सोपं आहे. न उघडलेली व्हायल ३० अंशांच्या आत, सगळे मिळून ७ दिवसांपर्यंत फ्रिजबाहेर राहू शकते आणि परत फ्रिजमध्येही ठेवता येते. गोठवायची मात्र नाही, हलवायची नाही, उजेडात ठेवायची नाही. त्याहून सोपं म्हणजे डॉक्टरांना विचारून डोसची तारीख यात्रेच्या आधी किंवा नंतर घ्या, म्हणजे ती व्हायल घरातच राहील. पण एमिसिझुमॅब चालू आहे म्हणून फॅक्टर घरी ठेवून निघू नका. ते इंजेक्शन रक्तस्राव होऊ नये म्हणून असतं. पडून मार लागला, सांध्यात रक्त उतरलं तर फॅक्टरच लागतो. इनहिबिटर असलेल्या, म्हणजे ज्याचं शरीर फॅक्टरलाच निकामी करतं अशा मुलाला डॉक्टरांनी ठरवून दिलेलं बायपासिंग औषध (फॅक्टरला वळसा घालून रक्त गोठवणारं) लागतं.

आता डबा. आत-बाहेर प्लॅस्टिकच्या दोन भिंती, मधे पफचा, म्हणजे थंडी धरणाऱ्या फोमचा जाड थर, घट्ट झाकण, झाकणाखाली फोमची गादी आणि चारही बाजूंना उभे बसणारे चार आइसपॅक. यात हलणारा भाग नाही, बॅटरी नाही, वायर नाही, त्यामुळे बिघडण्यासारखं फार काही नाही. सरकारी लसीकरणात चार आइसपॅकचा हा डबा फारसा न उघडता बारा तास धरला जातो. किंमत दुकानागणिक बरीच बदलते, पण बॅटरीवर चालणाऱ्या मेडिकल कूलरच्या मानाने तो कितीतरी स्वस्त पडतो.

विकत घेताना तीन गोष्टी दुकानातच पाहून घ्या. झाकणात कागदाची पट्टी अडकवून ओढा. ती सहज सुटून आली तर थंडी तिथूनच जाणार, दुसरा डबा मागा. आतल्या भिंतीला बारीक चीर आहे का ते बोट फिरवून पाहा. चिरेतून पाणी पफमध्ये शिरलं की डबा बाहेरून चांगला दिसतो, पण थंडी धरत नाही. आणि चारही आइसपॅक दुकानातच बसवून बघा. ते सैल बसले तर गाडीच्या धक्क्यांनी सरकतात आणि काचेच्या व्हायलवर आपटतात. आइसपॅकचे दोन संच घ्या, म्हणजे आठ नग. याचं कारण पुढे मुक्कामाच्या ठिकाणी कळेल.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते आइसपॅकमुळे, म्हणून हा भाग सावकाश वाचा. आइसपॅक साध्या पाण्याने खुणेपर्यंतच भरायचा. वर जागा सोडली नाही तर बर्फ फुगून पॅक तडकतो. पाण्यात मीठ घालायचं नाही. मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू शून्याखाली जातो, त्यामुळे जास्त वेळ थंड राहील म्हणून मीठ घातलेला पॅक औषधाला शून्याखाली नेतो. बूच घट्ट लावा, उलटा धरून गळत नाही ना ते पाहा, आणि फ्रीझरमध्ये एकमेकांना न चिकटवता उभे ठेवा. घरच्या फ्रिजमध्ये चार पॅक पूर्ण गोठायला २४ तास धरा. निघायच्या आदल्या रात्री दहा वाजता आठवण झाली तर सकाळी अर्धवट गोठलेले पॅक हाती येतील.

फ्रीझरमधून काढलेला पॅक उणे १५ ते उणे २० अंशांवर असतो. तो तसाच डब्यात टाकला आणि शेजारी फॅक्टर ठेवला की व्हायल शून्याखाली जाते. प्रथिनं असलेलं औषध गोठून परत वितळलं की त्याचा भरवसा संपतो, आणि सोबतच्या पाण्याची काचेची बाटलीही तडकू शकते. पावडर बाहेरून मात्र जशीच्या तशी दिसते, म्हणून हा धोका कुणाच्या लक्षात येत नाही. यावर उपाय म्हणजे पॅक कंडिशन करणं. पॅक टेबलावर मोकळे मांडून ठेवा. वरचं पांढरं दव वितळून पाण्याचे थेंब दिसायला लागले की एकेक उचलून कानाशी हलवा. आत पाण्याचा खळखळ आवाज आला की पॅक तयार. याचा अर्थ आत बर्फ आणि पाणी दोन्ही आहे, म्हणजे पॅक शून्य अंशावर आला. चारही पॅकमधून आवाज आला पाहिजे, एकातून आला म्हणून बाकीचे चालत नाहीत. उन्हाळ्यात याला साधारण अर्धा-पाऊण तास जातो, थंडीत तासाच्या वर. उन्हाळ्यात पहाटे पाचला निघायचं असेल तर चारलाच पॅक बाहेर काढा, थंडीत त्याहून आधी. मग कोरड्या फडक्याने पुसून डब्यात बसवा. सुटा बर्फ कधीच टाकू नका. त्याच्या पाण्याने लेबलं सुटतात आणि बॅच नंबर वाचता येत नाही.

बाजारात 'फ्रीझ-फ्री' प्रकारचे कॅरिअरही आहेत. त्यात आइसपॅक आणि औषध यांच्यामध्ये एक जादा थर असतो, त्यामुळे पॅक कंडिशन न करता टाकले तरी औषध गोठत नाही. ते जड आहेत, महाग आहेत आणि आतली जागा कमी आहे. पण घरात आवराआवर एकच माणूस करत असेल आणि पहाटे खळखळ ऐकत बसायला उसंत नसेल तर हे पैसे सत्कारणी लागतात.

व्हायल खोक्यासकट झिपच्या पिशवीत घाला, पिशवीला सुती फडकं गुंडाळा आणि डब्याच्या मधल्या जागेत ठेवा. मिसळायचं पाणी त्या-त्या व्हायलबरोबरच राहू द्या. दोन वेगळ्या खोक्यांतली पाण्याची बाटली आणि पावडर अदलाबदल झाली तर ताकद चुकते. शक्य असेल तर लांब वायरचा, कमाल-किमान तापमान दाखवणारा छोटा डिजिटल थर्मामीटर घ्या. त्याचं टोक व्हायलशेजारी ठेवा, आइसपॅकला टेकवू नका. किमान आकडा शून्याखाली गेलेला दिसला तर ती व्हायल वेगळी काढून हिमोफिलिया सेंटरला विचारल्याशिवाय वापरू नका. बटरफ्लाय सुया (लहान मुलांना २३ किंवा २५ गेजच्या), सिरिंजा, स्पिरिट स्वॅब, टूर्निकेट, कापूस, क्रेप बँडेज आणि सुया टाकायला जाड प्लॅस्टिकची बाटली हे सगळं डब्याबाहेर दुसऱ्या पिशवीत. ते थंड लागत नाही, आणि प्रत्येक वेळी डबा उघडला की त्याचे तास कमी होतात.

इतर पर्यायांबद्दल थोडक्यात. औषधाबरोबर येतो तो थर्मोकोलचा डबा घर ते दवाखाना एवढ्याच अंतराचा. त्याचं झाकण दोन वापरांत सैल होतं, आणि जेल पॅक थेट डीप फ्रीझरमधून काढून टाकायची सवय बहुतेक घरांत असल्याने गोठण्याचा धोका त्यातही तितकाच. पाण्यात भिजवून वापरायचे पाऊच, ज्यांतले स्फटिक पाणी पिऊन फुगतात, ते वेगळ्या तत्त्वावर चालतात: पाणी उडून जाताना थंडावा येतो. सोलापूर, लातूर, अकोल्याच्या कोरड्या उन्हात ते उत्तम चालतात. पण ते २ ते ८ अंश देत नाहीत, म्हणून ३० अंश सोसणाऱ्या ब्रँडलाच चालतील. पाली किंवा महडला, म्हणजे रायगड जिल्ह्यात, जूनमध्ये हवा इतकी दमट असते की पाणी उडतच नाही आणि पाऊच नुसता ओला राहतो. बंद सॅकमध्ये कोंबला तर तो कुठेच काम करत नाही, त्याला वारा लागतो.

फॅक्टर किती न्यायचा? फॅक्टर आठमध्ये दर किलो वजनाला १ युनिट दिलं की रक्तातली पातळी साधारण २ टक्के वाढते. म्हणून हिशेब असा: वजन गुणिले हवी असलेली वाढ गुणिले अर्धा. २० किलोच्या मुलाला सांध्यातल्या रक्तस्रावासाठी पातळी ५० टक्के वाढवायची तर ५०० युनिट. डोक्याला मार लागला तर १०० टक्क्यांचं उद्दिष्ट धरून १००० युनिट. फॅक्टर नऊच्या (हिमोफिलिया बी) मुलांना १ युनिटने साधारण १ टक्काच वाढ मिळते, त्यामुळे अर्ध्याने गुणायचं नाही. डोस ठरवायचा तो हेमॅटॉलॉजिस्टनेच (रक्तविकारतज्ज्ञाने) आणि लिहून द्यायचा पत्रावर, पण हा हिशेब घरच्या माणसाला तोंडपाठ असावा, कारण अनोळखी गावच्या डॉक्टरला तो माहीत असेलच असं नाही. यात्रेला निघताना नेहमीच्या डोसांशिवाय डोक्याच्या माराला पुरेल एवढा एक मोठा डोस जवळ असलाच पाहिजे. यावर तडजोड नको. तेवढा फॅक्टर हाती नसेल तर तारीख पुढे ढकला, देव कुठे जात नाही.

आता वाटेवर. लाल परीत डबा इंजिनाजवळच्या फरशीवर ठेवू नका, ती तापते. मधल्या सीटखाली किंवा मांडीवर ठेवा. खासगी गाडीत डिकीत नको, पुढच्या सीटच्या पायाशी, एसीच्या वाऱ्यात. चहाला उतरलात तर डबाही उतरवा. रेल्वेत खालच्या बर्थखाली भिंतीकडे सरकवून ठेवा. रेल्वेची हिमोफिलियाची सवलत, म्हणजे स्लीपर, थर्ड एसी, चेअर कारमध्ये ७५ टक्के, ही उपचाराला किंवा तपासणीला जाण्यासाठी आहे. यात्रेच्या तिकिटावर ती मागू नका. विमानात डबा कायम हाताशी, चेक-इन सामानात कधीच नाही. परदेशातून जावळासाठी गावी येणाऱ्या कुटुंबांनी डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत आणि औषधाच्या मूळ नावासह आणावं.

कॅरिअरची खरी कसोटी मुक्कामाच्या रात्री लागते. बारा तास संपले की पॅक परत गोठवायचे कुठे? लॉजच्या खोलीतला छोटा फ्रिज यासाठी निकामी. त्याच्या वरच्या कप्प्यात पॅक गोठत नाहीत, आणि त्या कप्प्याला लागून ठेवलेली व्हायल मात्र गोठू शकते. मेडिकल दुकानात फ्रिज असतो, डीप फ्रीझर बहुधा नसतो. तो असतो डेअरीत, आइस्क्रीमच्या दुकानात आणि मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात. खोली बुक करतानाच फोनवर स्पष्ट विचारा: 'चार बाटल्या रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवता येतील का? मुलाचं औषध आहे.' भक्तनिवासातही विचारायला संकोच करू नका. इथे दुसरा संच उपयोगी पडतो: एक डब्यात, एक फ्रीझरमध्ये. पॅकवर मार्करने मुलाचं नाव आणि 'औषध' असं मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर सकाळी कुणीतरी ते काढून जागा केलेली असते.

देवळाशी पोचल्यावरही डब्याचा विचार संपत नाही. मोठ्या देवस्थानांत सुरक्षा तपासणीला डबा अडवला जाईल हे गृहीत धरा. सामानघरात किंवा चप्पल स्टँडच्या पत्र्याखाली तो ठेवू नका. दर्शन पाळीपाळीने घ्या: एक मोठं माणूस डब्याजवळ सावलीत बाहेर, बाकीचे आत, मग अदलाबदल. म्हणून अशा यात्रेला किमान दोन जाणती माणसं हवीत, आणि त्यांतल्या दोघांनाही फॅक्टर मिसळता आला पाहिजे. एकालाच येत असेल तर तोच रांगेत अडकलेला असताना गरज पडते.

फॅक्टर देण्याची वेळ यात्रेभोवती बसवा. साधारण फॅक्टर आठ ८ ते १२ तासांत निम्म्यावर येतो, लहान मुलांत त्याहूनही लवकर. पहाटे चारला घरी डोस देऊन निघालात आणि दुपारी दोनला जेजुरीच्या पायऱ्या चढायला लागलात, तर ऐन श्रमाच्या वेळी पातळी उतरलेली असते. प्रोफिलॅक्सिसचा, म्हणजे रक्तस्राव टाळण्यासाठी ठरवून द्यायच्या डोसचा दिवस दर्शनाच्या दिवसाशी जुळवून घ्या आणि डोस मुक्कामी पोचून, पायऱ्यांच्या तासभर आधी द्या. लॉजच्या खोलीत पंखा बंद करा, हात साबणाने धुवा, व्हायल आणि पाणी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंडगार औषध शिरेत गेलं की मूल हात ओढतं. रबराचं बूच स्पिरिटने पुसून वाळू द्या, पाणी काचेच्या कडेने सोडा, व्हायल तळहातांत गोल फिरवा. जोरात हलवली की फेस येतो. तयार झालेला फॅक्टर परत डब्यात ठेवायचा नाही, पत्रकात दिलेल्या वेळेत, बहुतेक ब्रँडना तीन तासांत, वापरायचा. जेजुरीत आणखी एक जपायचं. भंडारा सगळीकडे उडत असतो आणि कपड्यांवरून पिशवीत उतरतो. सुया-स्वॅबची पिशवी झिपची असू द्या आणि गडावर ती उघडू नका.

जेजुरीच्या दगडी पायऱ्यांवर भंडारा सांडलेला असतो, पावसाळ्यात त्यावरून पाय सटकतो. सोमवती अमावास्या आणि चंपाषष्ठीची गर्दी टाळा. आडवारी गेलात तर गड निवांत मिळतो. मूल चढताना स्वतः चढलं तरी उतरताना उचलून घ्या, कारण घोट्याला आणि गुडघ्याला खरे हिसके उतरताना बसतात. नव्या नवरीला नवऱ्याने उचलून पायऱ्या चढायची रीत याच गडावर आहे, तिथे मुलाला उचललेलं पाहून कुणाला नवल वाटत नाही. अष्टविनायकांत लेण्याद्री तेवढा डोंगरावर, तीनशेच्या आसपास पायऱ्या. गुडघ्याचा सांधा आधीच बिघडलेला असेल तर डोली करा किंवा पायथ्याशी नमस्कार करून जवळच्या ओझरला विघ्नेश्वरापाशी निवांत बसा.

पंढरपुरात पदस्पर्श दर्शनाची रांग आषाढी-कार्तिकीला तासन् तास चालते, आणि त्या रेटारेटीत गंभीर हिमोफिलियाचं मूल उभं करणं बरोबर नाही. मुखदर्शनाची रांग वेगळी आणि बरीच लवकर सरकणारी. तीही जमत नसेल तर नामदेव पायरीवर डोकं टेकवा, समोर चोखोबांची समाधी आहे, वर कळस आहे. कळसाचं दर्शन घेऊन परतणारे वारकरी पिढ्यान् पिढ्या आहेत आणि त्यांची वारी कुणी कमी मानलेली नाही. पायी वारीचा हट्ट असेल तर पुण्यात पालख्या दोन दिवस मुक्कामाला असतात. भवानी पेठेत माउलींची, नाना पेठेत तुकोबांची. तिथे भल्या पहाटे जाऊन पादुकांचं दर्शन घ्या. डबा घरीच फ्रिजशेजारी राहतो, दवाखाना हाकेच्या अंतरावर राहतो.

कुलदैवताला जायचं मुख्य कारण बहुतेक घरांत जावळ असतं. इथे वस्तरा नको. टाळूच्या कातडीत रक्तवाहिन्यांचं जाळं दाट असतं, साधा ओरखडाही तासन् तास ठिबकत राहतो. कात्रीने किंवा ट्रिमरने करा, किंवा मानाच्या चार बटा कापून देवापुढे ठेवा. घरच्या ज्येष्ठांशी आणि तिथल्या गुरवाशी हे आधीच बोलून घ्या, म्हणजे ऐनवेळी न्हाव्यासमोर वाद होत नाही. कान टोचणं सोनाराकडे नाही, डॉक्टरांना विचारून फॅक्टरच्या आधारानेच. मुसलमान घरांत सुंता हाच अनेकदा पहिला मोठा रक्तस्राव ठरतो. ती दर्ग्याच्या गावी करायची नाही, हिमोफिलिया सेंटरच्या सल्ल्याने इस्पितळात करायची. लोटांगणाचा नवस बोलला असेल तर तो मुलाच्या वतीने आईवडिलांनी फेडावा. कोपर आणि गुडघे हेच या मुलांचे नाजूक सांधे.

प्रसादाकडेही लक्ष हवं. खडीसाखर, फुटाणे, कडक चिक्की यांच्या टोकांनी हिरडी किंवा जीभ सोलवटली की तोंडातलं रक्त थांबता थांबत नाही. पेढा, शिरा, मऊ लाडू द्या. तोंडातल्या रक्तस्रावासाठी ट्रॅनेक्झामिक अॅसिडच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या असतील तर जवळ ठेवा. लघवीतून रक्त जात असताना मात्र त्या देऊ नयेत. ताप किंवा दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं. अॅस्पिरिन, आयब्रुफेन नाही.

गुडघा सुजला तर पहिला मोह होतो डब्यातला आइसपॅक काढून शेकायचा. तो काढू नका. एक पॅक गेला की उरलेल्या औषधाचं तापमान चढायला लागतं. शेकायला वेगळा जेल पॅक दुसऱ्या पिशवीत न्या, फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावा, पाय उंच ठेवा, आणि फॅक्टर द्यायला उशीर करू नका. सूज वाढते का बघू म्हणत थांबलात की दोन तासांत सांधा टणक होतो. डोक्याला मार लागला असेल, मूल ठीक दिसत असलं तरी, आधी फॅक्टर, मग सीटी स्कॅन. एमिसिझुमॅब चालू असेल तर ते दवाखान्यात सांगाच, कारण त्याने एपीटीटीची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी दिसायला नॉर्मल येते आणि डॉक्टर फसतात.

गावचा डॉक्टर खरचटल्यावर सवयीने धनुर्वाताचं इंजेक्शन मांडीत द्यायला निघतो. स्नायूतलं इंजेक्शन या मुलांना नको, आत रक्त साचून मांडी फुगते. हे सांगणारं कार्ड लॅमिनेट करून मुलाच्या गळ्यात घाला, मराठीत आणि इंग्रजीत: हिमोफिलिया ए किंवा बी, तीव्रता, वजन, डोस, 'स्नायूत इंजेक्शन नको', 'फॅक्टर आधी, तपासण्या नंतर', घरचे दोन फोन. निघण्याआधी वाटेवरचं फॅक्टर मिळणारं ठिकाण शोधून फोन करा. ठाणे, नाशिक, सातारा, अमरावती इथे सरकारी डे-केअर केंद्रं आहेत, मुंबईत केईएम आहे, पुण्या-मुंबईत हिमोफिलिया सोसायटीचे चॅप्टर आहेत. पण केंद्र असणं आणि त्या दिवशी तुमच्या प्रकारचा फॅक्टर शिल्लक असणं या दोन वेगळ्या गोष्टी. साठ्याची खात्री नावानिशी करून घ्या.

यात्रेत एक बोलणं हमखास कानावर येतं: आईकडून देवाचं काही करायचं राहिलं म्हणून मुलाला हे झालं. असं बोलणाऱ्याला शांतपणे सांगा की हिमोफिलियाचा जीन एक्स गुणसूत्रावर असतो, आई बहुधा वाहक असते, आणि साधारण तीनांतल्या एका घरात आधी कुणालाच हा आजार नसतो, जीनमधला बदल नव्यानेच झालेला असतो. यात कुणाचा दोष नाही. नवस बोला, फेडा, अंगारा लावा, तीर्थ घ्या, त्याने औषधाला काही होत नाही. अंगाऱ्याच्या भरवशावर मात्र डोस चुकवू नका.

डब्याचे दोष सांगायचे तर पहिला वजन. चार आइसपॅकचंच पाणी दीड किलोच्या वर भरतं, वर डबा, आणि पट्टा खांद्यात रुततो. पट्ट्याखाली दुमडलेला टॉवेल घ्या. दुसरा, आतली जागा. मोठ्या खोक्यांत येणाऱ्या ब्रँडच्या तीन-चार व्हायलपेक्षा जास्त बसत नाहीत, मग खोकं काढून फक्त व्हायल आणि पाणी जोडीजोडीने बांधावं लागतं. तिसरा, गर्दीत लोक तो पाण्याचा जार समजून झाकण उघडतात, म्हणून झाकणावर 'औषध, उघडू नये' अशी पट्टी चिकटवा. एवढं सोडलं तर पाचपैकी साडेचार गुण द्यायला हरकत नाही. अर्धा गुण कापला तो विक्रेत्यांमुळे: आइसपॅक कंडिशन करायची सूचना मराठीत छापून डब्यावर लावायला त्यांना काहीच खर्च नाही, तरी ती नसते.

घरी परतल्यावर आधी व्हायल मोजा. डब्यात सलग थंड राहिलेल्या परत फ्रिजमध्ये, मधल्या कप्प्यात, दारात नाही. बाहेर ठेवलेल्यांवर तारीख लिहून पुढच्या डोसला त्याच आधी वापरा. वापरलेल्या व्हायलची लेबलं सोलून नोंदवहीत चिकटवा, शेजारी तारीख, डोस आणि कारण लिहा. पुढच्या भेटीत डॉक्टर हेच मागतात. भरलेली सुयांची बाटली घंटागाडीत टाकू नका, दवाखान्यात द्या. आइसपॅक रिकामे करून उलटे वाळवा, डबा ओल्या फडक्याने पुसून झाकण उघडं ठेवून सावलीत वाळवा. बंद करून माळ्यावर टाकला तर फोमच्या गादीला बुरशी येते, आणि ती गादी सुटी विकत मिळणं कठीण आहे.